डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन : मुंबई इलाख्याचे पहिले वनाधिकारी

आपल्या मालेगांवच्या भुईकोट किल्ल्याजवळून मोसम नदी वाहते व पुढें गिरणेस मिळते. भर उन्हाळ्यांत तिचें कोरडें पात्र पाहिलें म्हणजे, हिला पाणी पुरविणाऱ्या पश्चिमेकडील डोंगरांवर पूर्वीं किती रान असेल, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. रान राखलें पाहिजे, ही गोष्ट आज शाळेंतील लहान मूलही जाणतें. परंतु पावणेदोनशें वर्षांपूर्वीं ती राज्यकर्त्यांच्या गळीं उतरविणें सोपें नव्हतें. ज्या गृहस्थांनीं या कामीं आपल्या आयुष्याचीं उत्तम वर्षें वेंचलीं, त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

अलेक्झांडर गिब्सन यांचा जन्म इ. स. १८०० मध्यें स्कॉटलंडांतील लॉरेन्सकर्क या गांवीं झाला. एडिंबरो येथें वैद्यकाचें शिक्षण घेऊन ते १८२५ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडील नोकरींत असिस्टंट सर्जन म्हणून दाखल झाले. येथें आल्यावर त्यांनीं मराठी, गुजराथी व हिंदुस्थानी या भाषा शिकून घेतल्या. इ. स. १८३६ पासून १८३८ पर्यंत दख्खन व खानदेश या भागांत देवी टोंचण्याचें काम त्यांजकडे होतें. त्या काळीं नाशिक हा निराळा जिल्हा नव्हता. तो १८६९ त झाला, आणि तोंपर्यंत मालेगांव खानदेशांतच मोडत असे. म्हणजे आपला टापूही त्यांच्या कामाच्या हद्दींत येत होता. देवी टोंचणाराचें काम कचेरींत बसून होण्यासारखें नव्हतें. खेडोपाडीं हिंडावें, आईबापांची समजूत घालावी, तेव्हां कोठें एखादें मूल पुढें येई. लोकांच्या भाषेंत लोकांशीं बोलण्याची ही संवय गिब्सन यांस पुढें फार उपयोगी पडली.

इ. स. १८३८ मध्यें पुण्याजवळील दापोडी येथील सरकारी वनस्पतिबागेवर त्यांची नेमणूक झाली. परदेशांतून आणलेलीं झाडें येथें लावून पाहावीं, जीं रुजतील त्यांचें बीं व रोपें इलाख्यांत वांटावीं, आणि औषधी वनस्पतींची लागवड करून सरकारी दवाखान्यांस औषधें पुरवावीं, असा त्यांचा क्रम असे. जुन्नरजवळील हिवरें येथेंही अशीच बाग होती. दापोडीस त्यांनीं एका देशी चित्रकाराकडून वनस्पतींचीं सुंदर रंगीत चित्रें काढविलीं. तीं आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पतिबागेंत जपून ठेविलेलीं आहेत. मात्र तीं ज्या हातांनीं काढलीं, त्या चित्रकाराचें नांव कोणासही ठाऊक नाहीं.

आतां त्या काळची अरण्यांची स्थिति पाहूं. मुंबईच्या गोदींत जहाजें बांधण्यासाठीं सागाचें लांकूड लागे. हें लांकूड पाण्यांत व उन्हांत चांगलें टिकतें. कोंकण व कानडा येथील डोंगर त्यासाठीं झपाट्यानें उघडे पडूं लागले. आपल्या शेजारच्या डांगांतील साग मिळावा म्हणून कंपनीनें १८४२ च्या सुमारास तेथील भिल्ल राजांकडून जंगलें पट्ट्यानें घेतलीं. तोडणारा सहाजिकच सरळ, उंच व निकोप झाड आधीं तोडी. वांकडें व पोकळ झाड तेवढें मागें राही.

डॉ. गिब्सन यांनीं कोंकणांत फिरून म्हाताऱ्याकोताऱ्या गांवकऱ्यांकडे चौकशी केली. डोंगर उघडे पडल्यावर झरे आटले, हें त्यांस लोकांच्याच तोंडून कळलें. वाहून आलेल्या मातीनें खाड्या उथळ होत आहेत, हेंही त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. ही सर्व हकीगत त्यांनीं सरकारास कळविली. अरण्य म्हणजे केवळ लांकडाची वखार नव्हे, शेतकऱ्याच्या पाण्याचा तो आधार आहे, हा त्यांच्या लिहिण्याचा मथितार्थ होता. अखेर १८४७ मध्यें त्यांसच मुंबई इलाख्याचे कॉन्झर्व्हेटर, म्हणजे अरण्यांचे मुख्य संरक्षक, नेमण्यांत आलें. मद्रास इलाख्यांत डॉ. क्लेगहॉर्न यांची अशी नेमणूक १८५६ त झाली, आणि सर्व हिंदुस्थानाकरितां डॉ. ब्रँडिस हे १८६४ त मुख्य अधिकारी झाले. यावरून गिब्सन यांचा आरंभ किती लवकरचा होता, हें दिसून येईल.

येथें एक गोष्ट सांगितली नाहीं तर चरित्र अपुरें राहील. डोंगरउतारावरील झाडी तोडून व जाळून राखेंत पीक घेण्याची जी कुमरीची चाल होती, तिला गिब्सन यांचा कडवा विरोध होता. रान वांचविण्याचा त्यांचा हेतु खरा. पण त्या शेतीवर ज्यांचें पोट होतें त्या डोंगरी लोकांची अडचण झाली, हेंही तितकेंच खरें. पुढें १८७८ च्या कायद्यानें तर अरण्यांत राहणारांचे पुष्कळ जुने हक्क गेले, व ते कांहीं अंशीं परत देणारा कायदा होण्यास २००६ साल उजाडावें लागलें. रान राखावयाचें तर रानांत राहणाऱ्या माणसासही राखलें पाहिजे, हा धडा यांतून मिळतो.

इ. स. १८६० मध्यें गिब्सन सेवानिवृत्त झाले. त्यांनीं व डॅलझेल यांनीं मिळून लिहिलेला मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ त प्रसिद्ध झाला. १८६७ च्या जानेवारींत त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षीं, १८६६ त, ग्रेगोर मेंडेल नांवाच्या एका मठवासी धर्मगुरूचा वाटाण्यावरील निबंध छापून निघाला होता. आईबापांचे गुण संततींत कोणत्या नियमानें उतरतात, हें त्यांत दाखविलें होतें. पण १९०० सालापर्यंत त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तो नियम वृक्षांसही लागू आहे. तेव्हां रानांतील उत्तम साग पिढ्यान्‌पिढ्या तोडले म्हणजे केवळ लांकूड कमी होत नाहीं. बीं धरण्यास निकृष्ट झाडें तेवढीं उरतात, व रानाचें वाणच खालावतें. गिब्सन यांच्या काळीं ही मीमांसा ज्ञात नव्हती. परंतु त्यांनीं राखलेल्या रानांबरोबर सागाचें कांहीं मूळ वाणही राखलें गेलें.

आज या शास्त्राचा अभ्यास आपल्या देशांत होत आहे. डेहराडून येथील वनसंशोधन संस्था १९०६ त स्थापन झाली, आणि केवळ वनवृक्षांच्या आनुवंशिकतेचा व पैदाशीचा विचार करणारी संस्था १९८८ त कोइमतूर येथें निघाली. रानांतून सरळ व निरोगी झाडें हेरावयाचीं, त्यांच्या डोळ्यांचीं कलमें एका ठिकाणीं लावून बियांची बाग करावयाची, आणि त्यांच्या रोपांची परीक्षा वर्षानुवर्षें पाहावयाची, अशी या कामाची रीत आहे. ज्यानें झाड निवडलें त्यास त्याच्या नातवंडाचें लांकूड पाहावयास मिळेलच असें नाहीं. शिवाय एकाच उत्तम झाडाची कलमें सर्वत्र लावणें धोक्याचें असतें. एखादा रोग आला तर सर्वांवर सारखाच पडतो. म्हणून नाना ठिकाणचीं नाना वाणें जतन करावीं लागतात. मलबारच्या भर पावसांतील साग व सातपुड्याच्या कोरड्या उतारावरील साग जातीनें एकच असले, तरी प्रत्येकाच्या अंगीं आपापल्या हवापाण्यास साजेसे गुण मुरलेले असतात. सातपुड्यांतील वाण एकदां नष्ट झालें, तर तें मलबारांतून आणतां येणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, यंदा पावसाळ्यापूर्वीं तुम्ही निंबाचें किंवा बाभळीचें बीं गोळा कराल, तेव्हां हाताशीं आलेलें पहिलें खुरटें झाड सोडून द्या. गिरणेच्या कांठानें थोडें चाला, आणि भरदार, निरोगी अशा चारपांच निरनिराळ्या झाडांखालचें बीं निवडून आणा. त्या झाडांनीं येथलाच दुष्काळ सोसलेला आहे. तीं तोडूं मात्र नका; पुढच्या वर्षीं बीं मागण्यास आपणांस त्यांच्याच दारीं जावयाचें आहे.