सुकलेल्या डागाचा जबाब

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात खुनाचा गुन्हा नोंदला गेला, की पंचनाम्यात जप्त झालेले रक्ताळलेले कपडे सीलबंद होऊन तपासणीसाठी रवाना होतात. खानदेशातील असा मुद्देमाल वर्षानुवर्षे नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जात आला आहे. तेथून येणाऱ्या अहवालाला पोलीस आणि वकील ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात. त्यातील रक्तगटाच्या एका अक्षरावर कितीदा तरी आरोपीचे भवितव्य टांगलेले असे. ते अक्षर प्रथम वाचणारे कार्ल लँडस्टायनर मात्र पोलीसही नव्हते आणि कायदेपंडितही नव्हते.

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात झाला. वडील लिओपोल्ड व्हिएन्नातील नामवंत पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असताना ते निवर्तले आणि आई फॅनी हिनेच मुलाला वाढविले. आईच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी अखेरपर्यंत घराच्या भिंतीवर जपला. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. पण रुग्ण तपासण्याऐवजी त्यांनी जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये रसायनशास्त्राचे धडे गिरविले. पुढे १८९८ ते १९०८ या दशकात व्हिएन्नाच्या विकृतिशास्त्र विभागात त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. दिवसा मृतदेह आणि उरलेल्या वेळात परीक्षानळ्या, असा त्यांचा दिनक्रम होता.

एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळले की कधी कधी त्याच्या गुठळ्या होतात, हे तेव्हा ठाऊक होते. तो आजाराचा परिणाम असावा, असा समज होता. लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि धडधाकट सहकाऱ्यांचे रक्त घेतले, पेशी व रक्तद्रव वेगळे केले आणि एकेकाचा दुसऱ्याशी मेळ घालून पाहिला. गुठळ्या ठराविक जोड्यांतच होत होत्या. १९०१ मध्ये त्यांनी तीन गट जाहीर केले. ए, बी आणि आज ज्याला आपण ओ म्हणतो तो सी. चौथा एबी गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला.

त्याच शोधनिबंधात एक नोंद आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. कापडावर सुकून १४ दिवस राहिलेला रक्ताचा थेंब विरघळवून घेतला, तरी चाचणी होते, असे त्यांनी लिहून ठेवले होते. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे ओळखण्याची रीत पॉल उलेनहुट यांनी त्याच वर्षी दाखविली होती. १९०३ मध्ये मॅक्स रिश्टर यांच्यासमवेत लँडस्टायनर यांनी सुकलेल्या डागाचा गट ओळखण्याची पद्धत मांडली. अर्थात, या चाचणीला मर्यादा होती. गट जुळला नाही, तर डाग त्या माणसाचा नव्हे, असे म्हणता येई. जुळला, तर तो त्याचाच, असे म्हणता येत नसे. हा भेद विसरला गेला, तर निरपराध माणसावर काय ओढवेल, हे सांगायला नको.

रक्तगट आनुवंशिक असतात, हे १९१० मध्ये सिद्ध झाले. ही खूण बहुतेकांच्या लाळेत आणि वीर्यातही उतरते, हेही पुढे उमगले. लँडस्टायनर यांच्या पदरात मात्र सुख लवकर पडले नाही. पोलिओ विषाणूजन्य आहे हे दाखवूनही महायुद्धानंतरच्या हलाखीत त्यांना १९१९ मध्ये व्हिएन्ना सोडावे लागले. हेगच्या छोट्या रुग्णालयात काही काळ काढून १९२२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले. तेथे १९२७ मध्ये फिलिप लेव्हिन यांच्यासह त्यांनी एम, एन आणि पी या खुणा शोधल्या. नोबेल मिळाले १९३० मध्ये, मूळ शोधानंतर तब्बल तीन दशकांनी. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत आर-एच घटकाचा शोध जाहीर केला, तेव्हा ते रूढार्थाने निवृत्त होते. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेतच हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चौकटीला पहिला मोठा अपवाद सापडला तो मुंबईत. १९५२ मध्ये केईएम रुग्णालयाशी संबंधित डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना असे काही जण आढळले, की ज्यांचे रक्त वरकरणी ओ वाटे. पण त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नसे. त्यांच्या लाळेतही कोणतीच खूण उतरत नव्हती. हाच तो ‘बॉम्बे’ रक्तगट. अशा माणसाचा डाग ओ म्हणून सहज नोंदला जाऊ शकतो.

रक्तगटाचे अपुरेपण उघडे पडले ते १९८६ मध्ये, इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये. दोन शाळकरी मुलींच्या हत्या झाल्या होत्या आणि वीर्यनमुन्यातील गट व विकरांची जोडी दहांपैकी एका पुरुषात आढळणारी होती. सतरा वर्षांच्या एका मुलाने एका खुनाची कबुलीही दिली होती. अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या डीएनए चाचणीने तो दोन्ही गुन्ह्यांत निर्दोष ठरला. खऱ्या गुन्हेगाराला १९८८ मध्ये शिक्षा झाली.

डाग कोणाचा, याबरोबरच तो कशाचा, हेही न्यायालयाला हवे असते. शरीरातील बहुतेक पेशींत डीएनए एकच. पण लाळेत एक जनुके जागी असतात आणि वीर्यात दुसरी. गेल्या दोन दशकांत प्रयोगशाळा या जाग्या जनुकांचा संदेशवाहक आरएनए वाचू लागल्या आहेत.