दुर्गाबाई देशमुख

चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी, एवढीच दुर्गाबाईंची ओळख आपल्यातील पुष्कळ भगिनींना असते. ती फारच अपुरी. राजमहेंद्रीस १९०९ साली जन्मलेली ही मुलगी १९२३ साली काकिनाड्याच्या प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका होती. तिकीट नाही म्हणून तिने खुद्द नेहरूंना अडविले! तिकीट आले, तेव्हाच वाट मोकळी झाली. पुढे मिठाचा सत्याग्रह, तुरुंग, वकिली. मद्रासहून त्या घटना समितीवर गेल्या. वरिष्ठ सभागृहाच्या सभासदाचे किमान वय ३५ ऐवजी ३० असावे, ही सूचना त्यांचीच. लहानपणी बायकांना हिंदी शिकविणाऱ्या दुर्गाबाईंनीच १९४९ साली, हिंदीच्या अतिरेकी प्रचाराने दक्षिणेकडील माणसे दुरावतात, हे सभागृहास स्पष्ट ऐकविले. १९५३ साली चिंतामणरावांशी त्यांचा नोंदणी विवाह झाला. साक्षीदारांत नेहरू होते.