पन्नास मिलिमीटरचा माणूस

माझी पुतणी गेल्या वर्षी नोकरीला लागली. पहिल्या वर्षाच्या बचतीतून तिला कॅमेरा घ्यायचा होता. आतला आरसा काढून टाकलेला, मिररलेस म्हणतात तो. कॅमेरा कोणता हे तिनं ठरवून टाकलं होतं. घोडं अडलं होतं ते लेन्सपाशी. काका कादंबऱ्या लिहितात आणि बँकेत अधिकारी होते, म्हणजे त्यांना सौंदर्य आणि हिशेब दोन्ही कळत असणार, असा आमच्या घरात एक जुना गैरसमज आहे. त्या गैरसमजापोटी एका रविवारी सकाळी ती हातात कागद घेऊन माझ्याकडे आली.

कागदावर तीन नावं होती. पहिली, कॅमेऱ्याबरोबर मिळते ती छोटी झूम लेन्स. दुसरी लांब पल्ल्याची, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा कावळा हातात आणून देणारी. आणि तिसरी, ३५ मिलिमीटरची, एफ १.८, जवळही येत नाही आणि लांबही जात नाही अशी. या तिसऱ्या नावावर तिनं आधीच फुली मारली होती. वेगळे पैसे मोजायचे आणि झूमसुद्धा नाही, हा व्यवहार तिला पटत नव्हता. खरं सांगायचं तर तिच्या वयाचा असताना मलाही पटला नसता. पटला नव्हताच, पण ते नंतर सांगतो. त्या दिवशी मी तिला सल्ला दिला नाही. चहा होईपर्यंत एका माणसाची गोष्ट सांगितली.

आन्री कार्तिए-ब्रेसाँ हा त्या माणसाचं नाव. जन्म २२ ऑगस्ट १९०८, पॅरिसजवळच्या शांतलू गावी. घरचा धंदा सुती दोऱ्याचा. फ्रान्समधल्या घराघरांतल्या शिवणाच्या टोपलीत या घराण्याच्या दोऱ्याची रिळं असत. मुलानं पुढे गादीवर बसावं ही वडिलांची इच्छा. मुलाचं मन चित्रकलेत. १९२७ साली तो आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकायला गेला. चौकटीत काय कुठे बसतं, कोणती रेघ कुठे जाऊन मिळते, याचं भूमितीसारखं शिक्षण तिथे होतं. त्याला ते काचायचं, पण डोळ्यांत जे मुरलं ते आयुष्यभर पुरलं.

बाविशी ओलांडताच त्याच्या अंगात भटकेपण शिरलं. तो आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला गेला, बंदुकीनं शिकार करून मांस विकू लागला आणि तिथल्या जीवघेण्या तापानं आडवा झाला. आपण वाचत नाही असं वाटून त्यानं आजोबांना पत्र पाठवलं. नॉर्मंडीतल्या एका रानाच्या कडेला मला पुरा, आणि त्या वेळी अमुक संगीत वाजवा, अशी सविस्तर सूचना त्यात होती. काकांचं उत्तर आलं : आजोबांना हा सगळा बेत फार खर्चिक वाटतो, तेव्हा आधी तू घरी ये. कर्जाचे अर्ज तपासण्यात उमेद घालवलेल्या मला हे काका फार जवळचे वाटतात. मुलगा खरोखरच घरी आला, आणि वाचला.

बरा होत असताना त्याच्या पाहण्यात एक फोटो आला. मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकारानं काढलेला : टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणारी तीन उघडी मुलं, पाठमोरी. एका निमिषात पकडलेली ती धाव पाहून चित्रकार होऊ निघालेला हा तरुण थक्क झाला. कॅमेऱ्यानं हेही करता येतं हे त्याला तेव्हा कळलं. १९३२ च्या सुमारास मार्सेय शहरात त्यानं एक लायका कॅमेरा घेतला. त्याला ५० मिलिमीटरची लेन्स होती.

इथे थोडं थांबतो, कारण पुतणीचा प्रश्न याच जागी आहे. लायका बाजारात आला १९२५ साली. ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञानं सिनेमाची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा बनवला होता. त्याच्या एका चौकटीचं माप २४ बाय ३६ मिलिमीटर. आज ज्याला फुल फ्रेम म्हणतात त्या सेन्सरचं माप तेच आहे. त्या मापावर ५० मिलिमीटरची लेन्स जग फार पसरून दाखवत नाही आणि फार ओढूनही आणत नाही. समोर बसून बोलणारा माणूस जसा दिसतो, साधारण तसा दाखवते. नवशिक्याच्या आजच्या कॅमेऱ्यात सेन्सर बहुधा यापेक्षा लहान असतो, रुंदीला दीडपटीनं कमी. म्हणून त्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स लावली की जुन्या पन्नासचं काम होतं. पुतणीनं फुली मारलेली लेन्स म्हणजे कार्तिए-ब्रेसाँचीच लेन्स, नव्या घरात राहायला आलेली.

या एका लेन्सवर त्यानं जवळजवळ सगळं आयुष्य काढलं. पिशवीत कधीमधी ३५ ची आणि ९० ची असायची, पण कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा पन्नासच. कॅमेऱ्याचा चकचकीत भाग लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो काळ्या पट्टीनं झाकायचा. फ्लॅश वापरायचा नाही. फोटो नंतर कापायचा नाही. चौकट ठरायची ती शटर दाबताना. हवं ते चौकटीत येत नसेल तर दोन पावलं पुढे जायचं किंवा मागे यायचं. झूम त्याच्या पायांत होता.

या नियमाला एक प्रसिद्ध अपवाद आहे. १९३२ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागे साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतो आहे. टाच अजून पाण्याला लागलेली नाही आणि खाली त्याचं उलटं प्रतिबिंब आहे. हा फोटो त्यानं कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून काढला. फटीत लेन्स नीट मावेना, तेव्हा एका बाजूला फळीच आली आणि तेवढा भाग कापावा लागला. पुढे जायला जागा नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र तांत्रिक नियमांपेक्षा मोठी गोष्ट तो कुठे उभा राहायचा ही आहे. मे १९३७ मध्ये इंग्लंडच्या सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. एका फ्रेंच वृत्तपत्रानं त्याला लंडनला पाठवलं. त्यानं राजाचा एकही फोटो काढला नाही. राजा पाहायला आलेली माणसं काढली : कठड्यावर बसलेली, माना उंचावलेली, रात्रभर थांबून पेंगुळलेली. राजा लांब होता, माणसं जवळ होती. त्याच वर्षी त्यानं जावाची नर्तिका रत्ना मोहिनी हिच्याशी लग्न केलं. पुढे त्याला आशियाची दारं उघडून देण्यात तिचा मोठा वाटा होता.

मग युद्ध आलं. जून १९४० मध्ये तो जर्मनांच्या हाती सापडला, त्यापूर्वी लायका एका शेतात पुरून ठेवून. जवळपास तीन वर्षं युद्धकैद्यांच्या छावण्यांत गेली. दोनदा पळाला, दोनदा पकडला गेला आणि एकांतकोठडीत पडला. १९४३ च्या फेब्रुवारीत तिसऱ्यांदा निसटला आणि जमिनीतून आपला कॅमेरा उकरून काढला. इकडे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला वाटलं की तो युद्धात गेला. त्यांनी मरणोत्तर प्रदर्शनाची तयारी चालवली. तो जिवंत असल्याचं कळलं, आणि १९४७ साली तो स्वतःच त्या प्रदर्शनाला हजर राहिला. त्याच वर्षी रॉबर्ट कापा, डेव्हिड सेमूर, जॉर्ज रॉजर या मित्रांबरोबर त्यानं मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली. फोटोवरचा हक्क काढणाऱ्याचाच राहील, हे तिचं मुख्य कलम.

आणि १९४७ मध्येच तो भारतात आला, रत्ना मोहिनीबरोबर. मुंबईत परळच्या गिरणगावातल्या एका ज्योतिषाच्या दुकानाचा त्यानं काढलेला फोटो आहे. कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीतली माणसं आहेत, श्रीनगरच्या टेकडीवर प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या स्त्रिया आहेत. ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी तो दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींना भेटला. उपोषण नुकतंच सुटलेलं, शरीर थकलेलं. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाची पुस्तिका त्यानं त्यांना दाखवली. गांधीजींनी ती सावकाश पाहिली. तो निरोप घेऊन बाहेर पडला, आणि फार वेळ गेला नव्हता तोच गोळ्या झाडल्या गेल्या.

तो धावत परत आला. त्या संध्याकाळी बिर्ला भवनाच्या फाटकावर चढून नेहरूंनी जमलेल्या लोकांना ती बातमी सांगितली. कार्तिए-ब्रेसाँचा तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. अंधार झालेला, दिव्याचा प्रकाश अपुरा, चेहरे धूसर. कुठल्याही फोटोक्लबच्या स्पर्धेत परीक्षक त्यातले दोष दाखवतील. पण अंधार पडला होता हे त्या फोटोत खरं आहे. फ्लॅश मारला असता तर नेहरूंचा कोट स्वच्छ दिसला असता आणि ती संध्याकाळ नाहीशी झाली असती. दुसऱ्या दिवशीची अंत्ययात्रा, चितेभोवतीची गर्दी, अस्थी घेऊन जाणारी गाडी, सगळीकडे तो गर्दीतला एक होऊन फिरला.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगता येतं. चीनमध्ये सत्तांतर होत असताना तो तिथे होता. १९५० च्या एप्रिलमध्ये रमण महर्षींच्या अखेरच्या दिवसांत तिरुवण्णामलैला होता. १९५२ साली त्याचं मोठं पुस्तक निघालं, मुखपृष्ठ मातीसचं. निर्णायक क्षण हे शब्द जगभर झाले ते त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावावरून. मूळ फ्रेंच नाव मात्र घाईघाईत, चोरटेपणानं टिपलेल्या चित्रांबद्दल होतं. सत्यजित राय त्याचे चाहते. १९८७ साली निघालेल्या त्याच्या भारतावरच्या पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. सत्तरच्या दशकात त्यानं कॅमेरा जवळजवळ खाली ठेवला आणि पेन्सिल घेऊन पुन्हा चित्रं काढत बसला. ३ ऑगस्ट २००४ रोजी प्रोव्हान्समध्ये तो वारला. शहाण्णव पुरे व्हायला एकोणीस दिवस बाकी होते.

चहा संपला. पुतणी म्हणाली, तो मोठा माणूस होता, त्याला कुठलीही लेन्स चालली असती. मुद्दा बिनतोड होता. तेव्हा मी उठून कपाटातला जुना अल्बम काढला.

१९९४ साली वेतनवाढीची थकबाकी एकरकमी हाती आली आणि मी कॅमेरा घेतला. बरोबर लेन्स एकच, ७० ते २१०. शाखेत तसली कुणाकडेच नव्हती, हे तिचं मुख्य आकर्षण. त्या डिसेंबरात गावी गेलो. संध्याकाळी आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. जाळाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता आणि ती कुणाशी तरी बोलताना हसत होती. माझ्या लेन्सला तेवढा उजेड पुरत नव्हता आणि तेवढं जवळही चालत नव्हतं. मी अंगणात मागे सरकलो, दारातून नेम धरला, फ्लॅश चढवला. रोल धुऊन आला तेव्हा फोटोत भिंतीवरची काजळी, फडताळातले डबे, सगळं लख्ख होतं. आईचे डोळे मिटलेले होते. १९९७ साली ती गेली. तिचा एकटीचा मोठा फोटो आमच्याकडे तेवढाच आहे. भिंतीवर लावला आहे तो लग्नातल्या घोळक्यातून वेगळा काढून मोठा केलेला, पुसट.

पुतणी बराच वेळ अल्बम पाहत राहिली. तिनं आजीला पाहिलेलं नाही.

मग आम्ही हिशेबाला बसलो. छोटी झूम लेन्स वाईट नाही. प्रवासात सोयीची, हलकी, पुष्कळांना ती पुरते. पण पूर्ण ओढली की तिचं अ‍ॅपर्चर ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. १.८ चं अ‍ॅपर्चर त्यापेक्षा नऊ पटींहून अधिक उजेड आत घेतं. झूमला जिथे सेकंदाचा सहावा भाग लागेल, तिथे हिला सुमारे साठावा भाग पुरतो. हात हलला तर सांभाळून घेण्याची सोय आता पुष्कळ ठिकाणी आहे. समोरचं माणूस हललं तर तिचा उपयोग नाही. पक्षी किंवा रंगमंचावरचं नाटक टिपायचं असेल, तर लांबची लेन्स घ्यावीच लागेल. ती पुढच्या वर्षीही मिळेल. पहिल्या वर्षी मात्र आपल्याला कोणाचे फोटो काढायचे आहेत, आणि ती माणसं कुठल्या उजेडात बसतात, एवढंच स्वतःला विचारावं. आपल्या घरांतली माणसं बहुतेक संध्याकाळी, एका ट्यूबलाइटखाली एकत्र येतात.

तिनं ३५ ची घेतली. महिन्याभरानं तक्रार घेऊन आली : हळदीकुंकवाला सगळ्या बायका चौकटीत मावेनात, मागे सरता सरता ती चपलांच्या स्टँडवर जाऊन आदळली. मी हे कबूल केलं की असं होतं. मग तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फोटो दाखवला. रात्रीचं स्वयंपाकघर, ओट्याशी उभी माझी वहिनी, हातात लाटणं. मागचे डबे धूसर, कढईतली वाफ तेवढी दिसते आहे. वहिनी मुलीला काहीतरी सांगते आहे, बहुधा मध्येमध्ये लुडबुडू नकोस असंच. पुतणी तिच्यापासून दोन हातांवर उभी असली पाहिजे. त्या लेन्सला त्याहून लांब राहून चाललंच नसतं.

वहिनीचे डोळे उघडे आहेत.