तेनझिंग नोर्गे : सातवी खेप

एव्हरेस्टवर पहिले पाऊल तेनझिंग यांचे की हिलरींचे, हा वाद आम्हांस फोल वाटतो. ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या मिरजगावच्या मुलांनी तेनझिंग नोर्गे यांची वाट जाणावी.

१९१४ साली बौद्ध शेर्पा कुटुंबात जन्मलेले तेनझिंग १९३५ साली एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत भारवाहक म्हणून एव्हरेस्टला प्रथम गेले. तेव्हा चढाई तिबेटमधून, उत्तरेकडून होई. पुढे ती वाट बंद झाली व नेपाळची उघडली : खुंबूचा हिमप्रपात, ल्होत्सेचा उतार, साउथ कोल आणि मग आग्नेय धार. १९५२ साली स्विस मोहिमेने त्यांना बरोबरीचा सदस्य मानले. रेमंड लँबर्टसह त्यांनी सुमारे ८,४०० मीटर उंचीवर अंथरूण-पांघरुणाविना रात्र काढली, मेणबत्तीवर बर्फ वितळवून घसा ओला केला. शिखर हुकले, तरी आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील मोठा दिवस तोच.

१९५३ च्या ब्रिटिश मोहिमेत काठमांडूला शेर्पांना दूतावासाच्या मोटारखान्यात निजावे लागले. तेनझिंग यांना आत खोली होती. ते सोबत्यांतच निजले. असा मोटारखाना आमच्या समाजाने पुष्कळ पाहिला आहे. २९ मे रोजी, सातव्या खेपेस, ते हिलरींसह शिखरावर पोहोचले, तेव्हा गळ्यात लँबर्टने दिलेला तांबडा मफलर होता. हिलरी व मोहीमप्रमुख हंट ‘सर’ झाले. तेनझिंग यांना जॉर्ज पदक मिळाले.

लिहिता-वाचता न येणारे तेनझिंग १९५४ पासून दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये इतरांना गिर्यारोहण शिकवू लागले. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंग येथेच त्यांचे निधन झाले.