जमशेटजींनी पावसातून वीज काढायचं का ठरवलं?

खोपोलीजवळ डोंगरावरून उतरणारे जाडजूड पाइप पाहिलेत? त्यांची गोष्ट जमशेटजी टाटांपासून सुरू होते.

१८३९ साली नवसारीत जन्मलेल्या जमशेटजींनी नागपुरात एम्प्रेस मिल, मुंबईत स्वदेशी मिल चालवली. तेव्हा मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या. धूर सगळ्या शहराला. जमशेटजींची नजर मात्र लोणावळ्याच्या पावसावर होती. तो घाटमाथ्यावर तलावांत साठवायचा आणि ५०० मीटरहून जास्त खाली, खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत सोडायचा!

खरी कमाल पाण्याची. एक घनमीटर पाणी म्हणजे तब्बल १००० किलो. शिवाय ते दाबलं तरी जवळपास आकसत नाही, त्यामुळे जोर वाया जात नाही. दर १० मीटर खोलीला साधारण हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो. म्हणजे पायथ्याशी सुमारे ५० पट! त्या झोतावर टर्बाइन फिरतं.

जमशेटजींना हे बघायला मिळालं नाही. १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं. मुलगा दोराबजींनी काम पुढे नेलं आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. वीज तयार करून सुटलेलं पाणी पाताळगंगेत जातं.