गुलबक्षीचा एक परागकण

संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी आपण सर्वांनीच पाहिली आहे. याच साध्या फुलावर एका कॅथोलिक धर्मगुरूंनी मोठा प्रयोग केला होता. ते म्हणजे अनुवंशशास्त्राचे जनक फादर ग्रेगोर मेंडेल.

आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात १८२२ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षणाला पैसे नव्हते, तेव्हा धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातील वाटा त्यांना दिला. १८४३ मध्ये ते ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शिक्षकाच्या परीक्षेत मात्र १८५० साली ते नापास झाले आणि १८५६ चा प्रयत्नही वाया गेला. त्याच वर्षी त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्यावरील प्रयोग सुरू केले. १८६३ पर्यंत सुमारे २८,००० रोपे त्यांच्या हाताखालून गेली.

फुलातील एका बीजासाठी एक परागकण पुरत नाही, असे डार्विनसारखे शास्त्रज्ञही मानत. वाटाण्याच्या हिशोबावरून मेंडेल यांना वाटे, की नराची एक आणि मादीची एक, अशा दोनच पेशींतून नवे रोप जन्म घेते. खात्रीसाठी त्यांनी गुलबक्षीच्या फुलांत प्रत्येक कुक्षीवर एकच परागकण ठेवला. चांगल्या १८ बिया धरल्या! १८७० मध्ये त्यांनी हे पत्राने शास्त्रज्ञ नेगेली यांना कळवले.

आज आपल्याला आणखी कळले आहे. कुक्षीवरील परागकणातून बारीक नळी फुटते, बीजांडापर्यंत उतरते आणि दोन नरपेशी तेथे पोहोचवते. एक अंडपेशीशी एकरूप होते व गर्भ तयार होतो. दुसरी मधल्या पेशीशी मिळते व त्या गर्भासाठी अन्न तयार होते. हा दुसरा संयोग १८९८ मध्ये रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांना दिसला. गव्हाच्या दाण्यातील पांढरे पीठ म्हणजे हेच अन्न. वेदीवर आपण अर्पण करतो ती भाकर त्यातूनच बनते.

मेंडेल यांचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला, पण फारशी दखल कोणी घेतली नाही. १८६८ पासून ते मठाधिपती होते. ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, ते प्रभूघरी गेले. जगाला त्यांचे मोल कळले ते १९०० मध्ये.

परीक्षेत मागे पडलेल्या आपल्या मुलांना बोल लावण्याआधी आपण फादर मेंडेल यांची आठवण करू या, आणि त्या बहिणीचीही.