जोसेफ बॅझलजेट

घरातील मोरीतून वाहून गेलेले पाणी पुढे कोठे जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो. गटार तुंबले म्हणजेच त्याची आठवण होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जगातील सर्वांत मोठे शहर असलेले लंडन असेच तुंबले होते. त्या शहराची या संकटातून सुटका करणारे अभियंते म्हणजे सर जोसेफ विल्यम बॅझलजेट.

त्यांचा जन्म 28 मार्च 1819 रोजी लंडनजवळील एन्फील्ड येथे झाला. वडील आरमारात अधिकारी होते. सतराव्या वर्षी जोसेफ यांनी सर जॉन मॅक्नील या नामांकित अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. आयर्लंडमधील पाणथळ जमिनींचा निचरा करण्याच्या कामात पाण्याची चाल ओळखण्याचे शिक्षण त्यांना मिळाले. 1842 मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय थाटला. तो काळ रेल्वेमार्गांच्या धडाक्याचा होता. अतिश्रमाने 1847 मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. त्यातून सावरल्यावर 1849 मध्ये ते लंडनच्या गटार आयोगात साहाय्यक सर्वेक्षक म्हणून रुजू झाले.

त्या वेळी शहराची दशा विचित्र होती. पूर्वी घराघरांतील मैला खड्ड्यांत साठे आणि रात्री तो उपसून शेतीच्या खतासाठी नेला जाई. रस्त्यांखालची गटारे केवळ पावसाच्या पाण्यासाठी बांधलेली होती. 1815 पर्यंत त्यांत मैला सोडण्यास मनाईच होती. पुढे पाण्याने धुतले जाणारे संडास वाढले, खड्डे भरून वाहू लागले. तेव्हा आयोगाने खड्डे बुजवून घरे गटारांना जोडण्याचा हुकूम काढला. हेतू चांगला, परिणाम मात्र भयंकर! सारी गटारे थेट थेम्स नदीत उतरत होती आणि अनेकांचे पिण्याचे पाणी त्याच नदीतून येत होते. भरतीच्या वेळी गटारांची तोंडे पाण्याखाली जात व मैला सखल वस्त्यांत मागे फिरे. 1848-49 च्या पटकीच्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे दगावली. 1853-54 च्या साथीत आणखी दहा हजारांहून अधिक.

1856 मध्ये नवे महानगर बांधकाम मंडळ स्थापन झाले आणि बॅझलजेट त्याचे मुख्य अभियंता झाले. त्यांची योजना तयार होती; परंतु मंजुरीचे घोडे अडले होते. 1858 च्या उन्हाळ्यात नदी इतकी दुर्गंधीने भरली की तिच्या काठी असलेल्या संसदेला कामकाज चालविणे कठीण झाले. वर्षानुवर्षे रखडलेला कायदा मग अवघ्या काही आठवड्यांत संमत झाला. नाकापर्यंत आल्याखेरीज राज्यकर्ते हलत नाहीत, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

योजनेचे तत्त्व सोपे होते. जुनी गटारे नदीला मिळण्यापूर्वीच त्यांना आडवी जाणारी मोठी गटारे बांधायची आणि मैला शहराच्या पूर्वेस दूरवर न्यायचा. नदीच्या उत्तरेस तीन व दक्षिणेस दोन, अशा वेगवेगळ्या उंचीवरील रांगा आखल्या गेल्या. प्रवाह शक्यतो उतारानेच वाहावा आणि सखल भागातील पाणी मात्र वाफेच्या पंपांनी वर उचलावे, अशी रचना होती. सुमारे 132 किलोमीटर लांबीच्या या विटांच्या गटारांत त्यांनी पोर्टलंड सिमेंट वापरले आणि त्याची कसून चाचणी घेण्याचा दंडक घातला. अनेक गटारांचा छेद अंड्यासारखा, खाली निमुळता ठेवला; त्यामुळे पाणी थोडे असले तरी वेग टिकतो व गाळ बसत नाही.

खरा प्रश्न आकाराचा होता. नळ आधी काढले आणि मग ते दुप्पट रुंद केले, अशी आख्यायिका आज सांगितली जाते. 1865 मध्ये अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेल्या त्यांच्या निबंधात मात्र काटेकोर हिशेब आहे. 1861 च्या जनगणनेत लंडनची वस्ती सुमारे 28 लाख होती. त्यांनी साडेचौतीस लाख धरली. माणशी दररोज पाच घनफूट सांडपाणी धरले. ते दिवसभर सारखे येत नाही, म्हणून निम्मे पाणी सहा तासांतच येईल असे मानले. त्यावर दिवसाला पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर, पावसाची भर घातली. त्याहून जोराचा पाऊस आल्यास जादा पाणी सांडव्यांवरून नदीत जाऊ द्यायचे ठरले. प्रत्येक वादळी पावसाला पुरेल एवढे गटार बांधणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य आहे, हे त्यांनी ओळखले होते.

काम अपुरे असतानाच 1866 मध्ये पूर्व लंडनमध्ये पटकी पुन्हा आली आणि साडेपाच हजारांहून अधिक बळी गेले. गटारांचे जाळे ज्या भागात अद्याप पूर्ण झाले नव्हते, तेथेच साथीचा जोर होता. तेथील नळांना दूषित पाणी आल्याचेही उघड झाले. गंमत अशी की रोग दूषित हवेने पसरतो, हीच त्या काळची प्रचलित समजूत होती आणि योजनेमागेही तीच होती. समजूत चुकीची ठरली, उपाय मात्र लागू पडला. 1866 नंतर लंडनमध्ये पटकीची मोठी साथ आली नाही.

गटारांच्या निमित्ताने शहराचे रूपही पालटले. थेम्सच्या काठी भराव घालून 1870 मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया तटबंदीच्या पोटात गटार व भुयारी रेल्वे सामावली, तर वर प्रशस्त रस्ता व बागा आल्या. शहरात नवे रस्तेही त्यांनी आखले. त्यासाठी गरिबांची घरे पाडली गेली, हेही नमूद केले पाहिजे.

योजनेत एक उणीव राहिली होती. मैला प्रक्रियेविना नदीच्या खालच्या अंगास सोडला जात असे. 3 सप्टेंबर 1878 रोजी त्या भागात ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही प्रवासी बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा या दूषित पाण्याची मोठी चर्चा झाली. पुढे चौकशी आयोग नेमला गेला. 1887 पासून गाळ वेगळा करून जहाजाने समुद्रात नेऊ लागले. पहिल्या जहाजाला नाव बॅझलजेट यांचेच होते!

1875 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 1889 मध्ये मंडळ बरखास्त झाले आणि ते निवृत्त झाले. 15 मार्च 1891 रोजी विंबल्डन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जनगणनेत लंडनची वस्ती 42 लाखांच्या पुढे गेली होती; त्यांनी धरलेला आकडा केव्हाच मागे पडला होता. तरीही गटारे काम देत राहिली. शहर वाढले, अंगणांवर फरशी आणि डांबर आले, पावसाचे पाणी जमिनीत मुरेनासे झाले आणि सांडवे थोड्याशा पावसातही वाहू लागले. ते ओसंडणारे पाणी झेलण्यासाठी थेम्सच्या तळाखालून 25 किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खोदण्यात आला आणि 2025 मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला. तो ॲबी मिल्स येथे येऊन संपतो. बॅझलजेट यांनी 1868 मध्ये पंप बसविले, ते याच ठिकाणी.